करडईची चकती आणि उघडी मापं

पेरणी यंत्राच्या बियाणे पेटीत तळाला एक प्लास्टिकची चकती असते, तळहाताएवढी, कडेला खाचा पाडलेल्या. या एका चकतीपायी आमच्या वर्कशॉपमध्ये काय काय घडलं ते बरेच जण विचारतात, फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

आमचं वर्कशॉप औसा तालुक्यात, लातूर जिल्हा. ग्रिल, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती आणि हंगामात पेरणी यंत्रं, फण, दांडे, चेन असलं काम. मी बीएस्सी कॉम्प्युटर, लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे बिलं आणि जीएसटीचं काम होतं, पण वर्कशॉप घराला लागूनच असल्यामुळे हळूहळू सगळ्यात लक्ष जायला लागलं. सासरे, म्हणजे आमचे मामा, मूळचे लोहारकाम करणारे, भात्यावर सुरुवात केलेले. हे वेल्डिंग आणि फिटिंग बघतात.

तर चकती. यंत्राचं जमिनीवर फिरणारं चाक असतं, ते चेनने ही चकती फिरवतं. चकती तिरकी बसवलेली असते, खालच्या बाजूला बियाण्यात बुडते, प्रत्येक खाचेत एक एक दाणा घेऊन वर येते आणि वर आल्यावर तो दाणा नळीत सोडते, नळीतून फणाच्या मागे मातीत. म्हणजे दोन रोपांत किती अंतर पडणार हे या चकतीच्या खाचा ठरवतात. आमच्याकडच्या यंत्राचा हिशोब असा की चाकाचा घेर १३० सेंटीमीटर आणि चाकाच्या एका फेऱ्याला चकतीचा एक फेरा. सोयाबीन ५ सेंटीमीटरवर पाहिजे तर १३० भागिले ५, म्हणजे २६ खाचा. खाच मोठी झाली की दोन दोन दाणे पडतात, बियाणं जास्त जातं आणि रोपांची दाटी होते. खाच लहान झाली की दाणा अडकतो, नाहीतर त्याचं साल सोलून निघतं, आणि सोयाबीनचं साल इतकं पातळ असतं की जरा खरचटलं तरी उगवण गेली. २०२० च्या खरिपात उगवणीवरून राज्यभर केवढा गोंधळ झाला, किती जणांना दुबार पेरणी करावी लागली ते आपण बघितलंय. तेव्हा बियाण्याबद्दलच बोललं गेलं आणि ते बरोबरही होतं, पण चांगलं बी सुद्धा चुकीच्या चकतीतून खराब होऊ शकतं हे फार कमी लोक बोलतात.

रब्बीच्या तोंडावर एक ओळखीचे शेतकरी काका यंत्र घेऊन आले. त्यांना करडई पेरायची होती. आमच्या भागात करडई पूर्वी भरपूर असायची, आता फार थोडी राहिली, काटे असतात, मजूर काढायला तयार नसतात, पण काकांना घरच्या तेलासाठी आणि फेरपालटासाठी ती हवीच होती. यंत्रासोबत सोयाबीन, हरभरा, तूर, मका या चकत्या आलेल्या, करडईची नाही. विक्रेत्याने सांगितलं मागवून देतो, वेळ लागेल. आता वाफसा काय विक्रेत्याची वाट बघत थांबतो का, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा एवढीच काय ती करडईची वेळ, ओल उडाली की संपलं. हरभऱ्याच्या चकतीतून करडई सोडली तर तीन तीन दाणे पडत होते. काका म्हणाले, "पोरी, एवढ्या तुकड्यासाठी आता मी काय पुन्हा पाभर, बैलांचं पेरणीचं अवजार, जुंपू का? बैलंबी नाहीत की घरी."

मी तिथेच उभी होते आणि मला एक गोष्ट फार लागली. आमच्याकडे लेथ आहे, वेल्डिंग आहे, ड्रिल आहे, मामांच्या हाताला पन्नास वर्षांचं काम आहे, गावात मोटर रिवाइंडिंगवाला आहे, रस्त्यापलीकडे टर्नर आहे. लोखंड आहे, प्लास्टिक तर एवढं आहे की नाल्यात वाहतंय. मग कमी काय आहे? माप. तेवढंच. ती चकती किती जाडीची, खाच किती लांब किती रुंद, मधलं भोक कसलं, हे कुठेतरी एका कॉम्प्युटरमध्ये बंद आहे आणि त्यामुळे आख्ख्या तालुक्यात करडईच्या चकतीची टंचाई आहे.

टंचाई म्हणजे काय हे लातूरच्या माणसाला शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आमच्यासाठी, जलदूत नाव होतं गाडीचं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती टंचाई खरी होती, पाणीच नव्हतं, कुठलीही फाईल उघडून ते आलं नसतं. पण चकतीची टंचाई तशी नाही. एकाने माप सांगितलं म्हणून त्याच्याकडचं माप संपत नाही, उलट दोघांकडे होतं. या दोन टंचाया आपण एकाच शब्दात टाकतो आणि दोन्हीपुढे सारखेच हात जोडून बसतो, हे मला पटत नाही. दुसरी टंचाई तयार केलेली असते आणि ती मोडता येते, आणि मी हे वाचून नाही सांगत, आम्ही ती एका चकतीपुरती का होईना मोडली.

थ्रीडी प्रिंटर मी पहिल्यांदा पाबळला बघितला होता. विज्ञान आश्रम, शिरूर तालुका, पुणे जिल्हा. डॉ. श्रीनाथ कलबाग, हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ, ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली एका दुष्काळी गावात ही शाळा सुरू केली, जिथे पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज हे सगळं प्रत्यक्ष गावातली कामं करत शिकतात. २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे कुणालाही येऊन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींवर वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा, सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने, आणि एमआयटीबाहेर जगातली ती पहिली. आज जगभर फॅब लॅबचं एवढं जाळं आहे त्याची पहिली बाहेरची गाठ पाबळमध्ये बांधली गेली, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये? मला तरी तिथे जाईपर्यंत माहिती नव्हतं. तिथल्या एका मुलीने, वय असेल सतरा, मला प्रिंटर चालवून दाखवला आणि ती ज्या सहजतेने सांगत होती ते बघून मला वाटलं हे आपल्यालाही जमेल.

प्रिंटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, चकली पाडायच्या सोऱ्यासारखं समजा, प्लास्टिकची तार गरम होऊन बारीक नोझलमधून बाहेर पडते आणि थरावर थर बसत वस्तू तयार होते. ही पद्धत बरीच वर्षं एका कंपनीच्या पेटंटखाली होती आणि मशिनी लाखांत जायच्या. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला, डोक्यात कल्पना अशी की स्वतःचे बरेचसे प्लास्टिकचे भाग स्वतःच छापू शकेल असा प्रिंटर करायचा आणि त्याची सगळी मापं, सगळा कोड खुला ठेवायचा. पहिल्या मशीनचं नाव डार्विन. २००९ मध्ये त्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि मग किंमत अशी कोसळली की लाखांची गोष्ट हजारांत आली. मशीन तीच, प्लास्टिक तेच, फक्त मापं उघडी झाली. मला हे समजलं तेव्हा काकांची चकती डोळ्यापुढे आली.

प्रिंटर आम्ही विकत तयार नाही घेतला, जोडला. चौकट यांनी वर्कशॉपमध्येच चौरस पाइपाची केली, लेथवर काही बुश काढले, कंट्रोलसाठी आर्डुइनो मेगा हे छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि त्यावर रॅम्प्सचं बोर्ड, स्टेपर मोटरी, म्हणजे मोजून थोड्या थोड्या फिरणाऱ्या मोटरी, ऑनलाइन मागवल्या, आणि आत बसणारे प्लास्टिकचे भाग पुण्यातल्या एका मुलाने त्याच्या प्रिंटरवर छापून दिले. पैसे फक्त प्लास्टिकचे घेतले, वर म्हणाला की ताई तुमचा चालू झाला की तुम्ही पण कुणाला तरी एक सेट छापून द्या. असे प्रिंटर जोडणाऱ्या लोकांतली ही जुनी रीत आहे. आम्ही पुढे उदगीरच्या एका आयटीआयच्या मुलाला सेट दिला, त्याचाही आता चालू आहे. सगळा खर्च साधारण १५-१६ हजार आला, चौकटीचं लोखंड घरचं होतं ते यात धरलेलं नाही.

आता मुख्य काम, बी मोजणं. हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण सगळं यशापयश यातच आहे. काकांकडून त्यांचं पेरायचंच बियाणं आणलं, दुकानातलं दुसरं नाही, कारण वाणाप्रमाणे दाणा बदलतो आणि त्याच वाणाचा सुद्धा दरवर्षी बदलतो. मूठभर दाणे ताटात पसरायचे आणि एकेक व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीत, धरून लांबी, रुंदी, जाडी लिहीत जायचं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दाणे निवडून देत होत्या आणि मी मोजत होते. करडईचा दाणा एका टोकाला निमुळता असतो, साधारण सात-आठ मिलिमीटर लांब आणि चारएक मिलिमीटर रुंद, तो खाचेत आडवा पडतो का उभा यावर सगळं गणित बदलतं. आत्याबाईंच्याच लक्षात आलं की चकती फिरताना दाणा लांबीने बसतो, आडवा नाही. म्हणून खाच आम्ही दाण्याच्या लांबीच्या दिशेने काढली, सगळ्यात मोठ्या दाण्यापेक्षा थोडी सैल, पण दोन लहान दाणे शेजारी शेजारी मावणार नाहीत इतकीच. चकतीची जाडी दाण्याच्या जाडीएवढी, जास्त ठेवली तर एकावर एक दोन बसतात.

डिझाइन ओपनस्कॅडमध्ये केलं. हा फुकट आणि खुला सॉफ्टवेअर आहे, यात माउसने चित्र काढत नाहीत, मापं लिहायची असतात, दाण्याची लांबी एवढी, रुंदी एवढी, खाचा एवढ्या, भोक असं. मला कॉम्प्युटरचं शिक्षण असल्यामुळे हे सोपं गेलं. मोठा फायदा हा की एकदा लिहिलं की नुसते आकडे बदलून दुसऱ्या पिकाची चकती तयार. कंपनीच्या चकतीची नक्कल आम्ही केली नाही, फक्त यंत्राच्या दांड्यावर बसायचं भोक आणि बाहेरचा व्यास मोजला, खाचा पूर्ण आमच्या.

खाचा किती यावर घरात वाद झाला. करडईची शिफारस ४५ बाय २० सेंटीमीटर, म्हणजे हिशोबाने साडेसहा खाचा. पण २० वर एकच दाणा टाकला आणि तो उगवला नाही तर मोठी नांगी, म्हणजे ओळीत रिकामी जागा, पडते. काका म्हणाले आम्ही दाट पेरतो आणि मग विरळणी करतो. म्हणून १० सेंटीमीटर धरून १३ खाचा ठेवल्या. मऊ रानात चाक थोडं घसरतं त्यामुळे प्रत्यक्षात अंतर अकराच्या आसपास पडतं, ते चालतं.

छपाईत प्लास्टिक कुठलं हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा निघाला. तारेचं रीळ पीएलए नावाच्या प्लास्टिकचं होतं, ते छापायला सोपं, पहिली चकती त्याचीच. पण पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीत, वरून बियाण्याचा दाब, ती बशीसारखी वाकली. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशापर्यंत टिकतं, म्हणून ते मागवलं. नोझल २३५-२४० अंश, खालचा बेड, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते तो तापणारा पाट, ७५ च्या पुढे, आणि पंखा कमी, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत. पावसाळ्यात पीईटीजी दमट होतं आणि छापताना फटफट आवाज करत फेस येतो, त्यासाठी रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. पहिला थर बेडवर दबून जरा पसरतो, त्याने खाच खालच्या बाजूला किंचित अरुंद होते, डोळ्याला दिसत नाही पण दाणा तिथेच अडकतो, म्हणून प्रत्येक खाचेतून कानस आणि मग बारीक पॉलिश पेपर फिरवायचाच. मामांनी ते काम स्वतःकडे घेतलं. त्यांचा अंगठा खाचेवरून फिरला आणि ते "हं" म्हणाले की चकती तयार, ते नाही म्हणाले तर मी व्हर्नियर लावून बघते आणि खरंच कुठेतरी धार राहिलेली असते.

एका चकतीला पाचेक तास लागतात. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, मध्येच गेली की अर्धी चकती वाया, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर प्रिंटर जोडून घेतला, शंभर-सव्वाशे वॉट खातो फक्त, अर्ध्या-पाऊण युनिटात चकती होते. प्लास्टिक ५०-६० ग्रॅम, रीळ हजार रुपये किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास-साठ रुपयांचा माल.

शेतात नेण्याआधी तपासायचं कसं, तर लांब पट्टीवर ग्रीस लावायचं, पट्टी जमिनीवर अंथरायची आणि यंत्र नळी पट्टीवर येईल असं संथ ओढायचं. दाणे जिथे पडले तिथेच चिकटतात, उसळत नाहीत, मग टेप लावून अंतरं मोजायची. कुठे दोन पडले, कुठे एकही नाही, सगळं समोर दिसतं. विद्यापीठांतही याच तत्त्वावर तपासतात, तिथे फिरता पट्टा असतो एवढाच फरक. दुसरी तपासणी उगवणीची. चकतीतून गेलेले १०० दाणे आणि न गेलेले १०० दाणे, दोन वेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती मोड आले ते मोजायचं. दोन्हीत फरक नसेल तरच चकती बियाण्याला इजा करत नाही असं समजायचं. हे न करता कुणीही घरी छापलेली चकती शेतात घालू नये, शेतकऱ्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

काकांची करडई उगवून आली. ओळीत, सारख्या अंतरावर. शेजारच्या शेतातल्या एक काकू बघायला आल्या होत्या, त्यांचा चाड्यावरचा, म्हणजे मुठीने बी सोडायच्या पेल्यावरचा, हात एकेकाळी पंचक्रोशीत नावाजलेला, लोक पेरणीला त्यांना बोलवून न्यायचे. त्या बांधावरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मूठ चांगली हाय तुमच्या मशिनीची." एवढ्या कौतुकाने मला किती बळ आलं ते सांगता येणार नाही.

मग फाईलचा प्रश्न आला. मी म्हणलं ही फाईल खुली टाकायची, सगळ्या मापांसकट, लायसन असं की कुणीही वापरा, विका, बदला, फक्त नाव द्या आणि बदललेलं पण असंच खुलं ठेवा. हे म्हणाले, "अगं पण उद्या शेजारच्या तालुक्यातला कुणीतरी करून विकेल, आपण काय करायचं मग?" प्रश्न रास्त होता, घर यावरच चालतं. मी उलटा हिशोब मांडला. आपण एक रीळ, एक प्रिंटर, आपल्याच्यानं हंगामात कितीशा चकत्या होणार? आणि लोक आपल्याकडे येतात ते चकतीसाठी कमी, ती बसवून, चेन ताणून, ग्रीसच्या पट्टीवर तपासून मिळते म्हणून जास्त. मामा गप्प ऐकत होते. मग ते बोलले ते मी तसंच लिहिते, "माझ्या बापानं मापं कुणाला सांगितली नाहीत. त्याच्याबरोबर गेली निम्मी."

यावर मी खूप विचार केलाय. गावातच सगळं तयार व्हायचं असा काळ आपल्याकडे होताच की. तिफण सुताराने करायची, फाळ लोहाराने पाजवायचा, बदल्यात बलुतं. प्रत्येक गावाच्या मातीप्रमाणे, बैलांच्या उंचीप्रमाणे अवजार बदलायचं. लोक त्याच्या आठवणी काढतात आणि म्हणतात तेच पुन्हा आलं पाहिजे. पण मी ज्या घरात आलेय तिथून ते वेगळं दिसतं. उत्पादन गावातलं होतं, ज्ञान उघडं नव्हतं. ते जातीत आणि जातीतही बापाकडून मुलाकडे. आत्याबाईंनी चाळीस वर्षं भाता ओढला, घण मारला, पण लोखंड कुठल्या रंगावर पाण्यात बुडवायचं हे त्यांना कुणी बसवून सांगितलं नाही, त्यांनी ते बघून बघून चोरल्यासारखं शिकून घेतलं. दुसऱ्या जातीच्या पोराने लोहारकाम शिकायचं म्हणलं असतं तर ते झालंच नसतं, आणि लोहाराच्या पोराला दुसरं काही करायची मुभा नव्हती. त्यामुळे मला जेव्हा कुणी म्हणतं की लोकल प्रॉडक्शन म्हणजे आपलं जुनं खेडं, तेव्हा मी नाही म्हणते. गावात बनवणं हा अर्धा भाग झाला. ज्याला शिकायचंय त्याला, मग तो कुणाचाही मुलगा असो किंवा सून असो, मापं मिळाली पाहिजेत, हा दुसरा अर्धा भाग, आणि तो नसेल तर पहिल्यातून पुन्हा तीच उतरंड उभी राहते.

फाईल टाकली. बरेच दिवस काहीच नाही. मग यवतमाळकडच्या एकाने ज्वारीसाठी आकडे बदलून केली आणि कळवलं की बीजप्रक्रिया केलेलं बी टाकलं की औषधाची लाल भुकटी खाचेत बसते आणि तासाभरात खाच लहान होते. आम्हाला हे आलं नव्हतं कारण काकांनी बी सावलीत पूर्ण वाळवून टाकलं होतं. त्याने खाचेची खालची बाजू थोडी उतरती केली, म्हणजे भुकटी साठत नाही, गळून पडते, आणि ती सुधारलेली फाईल परत टाकली. आता आमच्या सगळ्या चकत्या तशाच होतात. कधी न भेटलेल्या माणसाने माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं आणि ते मला परत मिळालं. मापं लपवली असती तर हे कुठून मिळालं असतं? सांगली भागातल्या एका ताईंनी हुलग्याची चकती केली, हुलगा चपटा असतो, त्याच्यासाठी जाडीच निम्मी करावी लागली. कंपनी हुलग्याची चकती कधीच काढणार नाही, खपच नाही तेवढा, आणि त्यात कंपनीचा दोष पण नाही. पण त्या ताईंना एकच चकती पाहिजे होती. एका माणसाला एक वस्तू पाहिजे असणं हे कारखान्याच्या हिशोबात बसत नाही, वर्कशॉपच्या बसतं.

यात अजून काय आपल्या हातात नाही तेही सांगते. स्टेपर मोटरी आणि बोर्ड चीनमधून येतात. रीळ पुण्याहून येतं. बेअरिंग, चेन बाजारातली. लॉकडाऊनमध्ये दिसलं ना, दळणवळण थांबलं की काय होतं. पण त्याच वेळी हेही दिसलं की २०२० मध्ये मुंबईच्या मेकर्स असायलम या हाताने वस्तू बनवणाऱ्यांच्या सामायिक वर्कशॉपच्या पुढाकाराने देशभरातल्या छोट्या लॅब आणि वर्कशॉपनी एकाच खुल्या डिझाइनवरून ४९ दिवसांत १० लाख फेस शील्ड तयार केल्या, जिथल्या तिथे, कुठल्याही एका कारखान्यावर अवलंबून न राहता. अमेरिकेत मिसुरी राज्यात मार्चिन याकुबोव्स्की नावाचा माणूस आहे, शिक्षण फ्यूजन फिजिक्समधलं, शेती करायला गेला आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत पैसे घालवून बसला, मग त्याने ट्रॅक्टर, माती-विटांचं मशीन असं धरून ५० यंत्रांचा खुला संच ठरवला. ती सगळी ५० अजून पूर्ण झालेली नाहीत, आणि मला वाटतं एका ठिकाणी बसून ५० यंत्रं करायला घेणं हे फारच झालं. मला फ्रान्समधल्या लातेलिए पेझां या सहकारी संस्थेची पद्धत जास्त पटते, तिथे शेतकरी एकत्र बसून वेल्डिंग शिकत स्वतःचं अवजार स्वतः करून घरी नेतात आणि नकाशे सगळ्यांना खुले. हे तर आपल्याकडे सहज होण्यासारखं आहे, प्रत्येक तालुक्याला आयटीआय आहे, आयटीआयमध्ये लेथ आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो लेथ परीक्षेपुरताच फिरतो.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते, चकती आम्ही दीडशे रुपयाला देतो, बसवून आणि तपासून. स्वतः छापणाऱ्याला फाईल फुकट. धंदा बुडाला नाही, उलट हंगामात यंत्राची दुरुस्ती वाढली, कारण चकतीसाठी आलेला माणूस चेन आणि फण पण दाखवतो.

सध्या आम्ही खताच्या पेटीतल्या रोटरवर, म्हणजे खत खाली सोडणाऱ्या फिरत्या भागावर, काम करतोय. तो अवघड आहे, खत ओल धरतं आणि रोटरला चिकटून बसतं, पीईटीजी टिकतं पण कडा झिजतात, मामांचं म्हणणं कडेला पातळ स्टीलची पट्टी बसवावी आणि मला वाटतं ते बरोबर आहे. आयटीआयचे एक सर शनिवारी पोरांना पाठवतात, त्यांना आधी व्हर्नियर हातात देते, कॉम्प्युटर नंतर. पोरांनी घरून येताना आपापल्या पेरायच्या बियाण्याची मूठ आणायची असं ठरवलंय, कारण प्रत्येकाचा दाणा वेगळा निघतो आणि मग फाईलमधले आकडे का बदलायचे हे वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही करणार असाल तर मोजताना सगळ्यात मोठा दाणा वेगळा काढून ठेवा, खाच त्याच्यावर ठरते, सरासरीवर नाही.